रविवारची शिकवणी

“एक,” टोंगे सर म्हणाले, आणि सुखदेवच्या कानाखाली आवाज निघाला.

मी खाटेवर बसलो होतो. मांडीवर सुखदेवचा कागद, डाव्या हातात लाल पेन. कागदावर मी सात ठिकाणी खुणा केल्या होत्या, म्हणजे अजून सहा बाकी होत्या.

“दोन.”

सुखदेव भिंतीला पाठ लावून उभा होता आणि टोंगे सरांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होता. ज्युनिअरनं सीनिअरच्या डोळ्यांत बघायचं नाही, तिसऱ्या बटणाकडे बघायचं, हा होस्टेलचा नियम. त्याच्या शेजारी बाकीचे चार ज्युनिअर आपापला कागद छातीशी धरून रांगेत उभे होते.

“तिसरं वाच, ग्रामर.”

मी वाचलं, “बिकॉज माय व्हिलेज इज व्हेरी स्मॉल.”

“मंग यात काय चुकलं?” मारता मारता टोंगे सरांना शिकायचंही असायचं.

“सर, ‘कारण माझं गाव फार लहान आहे.’ कशाचं कारण ते सांगितलंच नाही, सर. वाक्य अर्धंच राहिलं, सर.”

“अर्धं!” टोंगे सर सुखदेवला म्हणाले. “मेसवाल्यानं अर्धी पोळी वाढली तं चालन का बे तुले?”

“नाही, सर.”

“मंग मले अर्धं काहून वाढतं?”

तिसरीचा आवाज आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा निघाला.

ही एकोणीसशे सत्त्याऐंशीची गोष्ट. कोळशाच्या पट्ट्यातल्या एका तंत्रनिकेतनात आम्ही मायनिंगच्या डिप्लोमाला होतो. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असायची आणि रात्री मेस बंद. रेक्टर शनिवारीच घरी पळायचे. पुरी-बासुंदी पोटात गेली की आम्ही सहा ज्युनिअरांनी वरच्या मजल्यावरच्या अकरा नंबरच्या खोलीत हजर व्हायचं. ती दिवाकर टोंगे सरांची खोली.

टोंगे सर म्हणजे काही मास्तर नव्हेत, आमच्याहून चार वर्षांनी मोठे विद्यार्थी. त्यांचे सगळे विषय सुटले होते, खाणीतल्या नोकरीचं बोलावणंही येऊन गेलं होतं, पण पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या पेपरानं त्यांच्या नाकी नऊ आणले होते. चारदा बसले, चारदा नापास. इंग्रजीच्या मास्तरांनी त्यांच्या चाचणीच्या पेपरावर लाल शाईनं एकच शब्द नऊ ठिकाणी लिहून दिला होता. फ्रॅगमेंट. टोंगे सरांना तो शब्द कळला नाही आणि मास्तरांना विचारायची लाज वाटली. मग आमच्या इंट्रोच्या, म्हणजे सीनिअरांनी नव्या पोरांची ओळख करून घ्यायच्या दिवशी त्यांनी तो रांगेतल्या एकेकाला विचारला. ज्याला आला नाही त्याला एक. माझा नंबर पाचवा होता. चौघांचे गाल लाल झालेले पाहून माझी पाचावर धारण बसली होती, पण उत्तर मला येत होतं.

“सर, तुकडा, सर. मोठ्या अक्षरानं सुरू होतो, शेवटी टिंब असतं, वाक्यासारखा दिसतो, पण वाक्य नसतो, सर.”

“ओळखाचा कसा?”

आमच्या गावच्या शाळेत देशकर गुरुजींनी शिकवलं होतं तसं सांगितलं. दोन गोष्टी बघायच्या: कोणाबद्दल बोलणं चाललंय आणि त्याचं काय. आणि वाचून झाल्यावर ‘मग पुढे?’ असं विचारावंसं वाटलं, तर तो तुकडा. टोंगे सरांनी त्यांचा तो पेपर माझ्यासमोर धरला. मी नऊच्या नऊ ठिकाणी काय राहिलंय ते सांगितलं.

“एवढंच व्हय?” ते म्हणाले. “चार वर्षं गेली बे माही.”

मग त्यांनी मला रांगेतून काढून खाटेवर बसवलं. तेव्हापासून माझं नाव ग्रामर पडलं. मोरेश्वर मत्ते हे नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

पुढची व्यवस्था त्यांनीच लावली. शनिवारी ते विषय द्यायचे. रविवारी पाच ज्युनिअरांनी एकेक पान इंग्रजीत लिहून आणायचं. मी लाल पेनानं तुकडे शोधायचे, ते तुकडे का आहेत हे टोंगे सरांना समजावायचं, आणि प्रत्येक तुकड्याला लिहिणाऱ्याच्या कानाखाली एक. पट्टा नाही, काठी नाही, कारण त्यांचे वळ रेक्टरला दिसतात. अशी ती शिकवणी. माझ्या गालाला मात्र कुणी बोट लावलं नाही.

लाल पेन फिरवायला मला आवडायचं, हे आता लपवण्यात काही अर्थ नाही. वर्गात मला कुणी विचारत नव्हतं. माझ्याकडे दोन शर्ट होते आणि एक पायजमा होता. पण अकरा नंबरमध्ये पाच जण माझं पेन कुठे थांबतं तिकडे डोळे लावून बसायचे. कधी कधी मी मुद्दाम थांबवायचो, विचार केल्यासारखं करायचो आणि मग पुढे जायचो. समोरच्याचा जीव भांड्यात पडलेला दिसायचा. मला मजा यायची.

सुखदेव पिंपळशेंडे माझा रूममेट. होस्टेलवर आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या डाव्या बाजूनं दोनदा हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही. तिसऱ्यांदा मी खांद्याला हात लावला तर दचकला. मग दार लावून घेतलं आणि म्हणाला, “कोनाले सांगशीन नको. माहा डावा कान मेलेला आहे. लहानपनी गालगुंड झालं होतं, तवापासून.”

“मग मेडिकल कसं पास झालास?”

“उजवा कान दाबाले लावून डॉक्टर मांगून हळूच बोलते ना, त्याची सावली भितीवर दिसे, तो बोलला का ते समजे. अंदाजानं सांगतलं.” तो हसला. मग हसू गेलं. “पन उजवा एकदम टनक आहे, मोऱ्या. त्याच्यावरच काढाचं आहे सगळं.”

त्याचे वडील खाणीत लोडर होते. बावीस वर्षं कोळसा भरत होते. खाणीत कान किती लागतो ते मला पुस्तकाआधी सुखदेवनंच सांगितलं. आत गेल्यावर डोक्यावरचं छत काठीनं ठोकायचं आणि ऐकायचं. टणटण वाजलं तर छत पक्कं. भदभद वाजलं तर तिथून निघायचं. दगड पडण्याआधी कुरकुरतो, ती कुरकुर ज्याला ऐकू आली तो वाचला. वडिलांचे दोन्ही कान सुरुंगांच्या आवाजानं मंद झाले होते, म्हणून ते लोडरच राहिले. सुखदेवनं डिप्लोमा करून ओव्हरमन व्हायचं, माणसांच्या पुढे चालून छत ठोकायचं, हे घरात त्याच्या जन्मापासून ठरल्यासारखं होतं. तो उजवा कान म्हणजे त्याची सगळी इस्टेट होती.

टोंगे सर उजव्या हातानं मारायचे, त्यामुळे त्यांची चपराक डाव्या कानावर बसायची. खोलीत परत आल्यावर सुखदेव सुजलेल्या गालावर ओला टॉवेल धरायचा आणि दात काढायचा.

“मेलेल्याले मारून राह्यले ते. मारू दे.”

त्याला तुकडे ओळखता यावेत म्हणून मी आठवडाभर त्याच्यामागे लागायचो. गच्चीवर घेऊन बसायचो. तो लिहायचा, “व्हेन आय वॉज गोइंग टू द वेल.” टिंब.

“जेव्हा मी विहिरीवर चाललो होतो. मग? विहिरीवर काय झालं?”

“काही नाही झालं. पानी भरलं.”

“मग ते लिही ना!”

“ते तं सगळ्यायले मालूम असते. विहिरीवर कोनी कायले जाते?”

“भैताड आहेस,” मी म्हणायचो. तो हसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहायचा. तो बोलायचा तसं लिहायचा, थांबत थांबत, अर्धं समोरच्यावर सोडून. मला त्याचा भयंकर राग यायचा. दहा वर्षांच्या पोराला कळेल अशी गोष्ट, आणि याच्या डोक्यात शिरत नव्हती. बाकीचे चौघे सातवरून दोन-तीनवर आले होते. टोंगे सर स्वतः इतके तयार झाले होते की माझ्याआधी बोट ठेवायला लागले होते. सुखदेव सातवरून आठवर गेला.

सहावा रविवार शेवटचा होता. पुढच्या गुरुवारी ज्युनिअरांना वेलकम. वेलकमच्या दिवशी सीनिअर स्वतःच्या हातानं पेढा भरवतात आणि त्यानंतर कुणी कुणाला हात लावत नाही, अशी तिथली रीत होती. एवढा एक रविवार काढायचा होता. आधीच्या रविवारी सुखदेवच्या नाकातून रक्त आलं होतं आणि गालाची सूज अजून उतरली नव्हती. टोंगे सरांनी विषय दिला होता, ‘माझे वडील’.

त्या दुपारी टोंगे सर खुशीत होते. इंग्रजीच्या चाचणीत त्यांना पन्नासपैकी एकतीस मिळाले होते. पेपर त्यांनी भिंतीवर खिळ्याला लावला होता. त्यावर लाल शाईनं तो शब्द एकदाही नव्हता.

“ग्रामर, तुह्या नावानं पेढे वाटतो गुरुवारी,” ते म्हणाले. “आज शेवटचा दिवस आहे म्हनून डबल. एका तुकड्याले दोन.”

चौघांचे कागद झाले. कुणाला दोन, कुणाला चार. मग मी सुखदेवचा घेतला.

त्यानं लिहिलं होतं, माझे वडील. खाणीत. एकोणीसशे पासष्टपासून. कारण शेतात काही पिकत नव्हतं. सकाळी चार वाजता उठून. डब्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा. जेव्हा खाणीत दगड पडला होता. असं पानभर. वाचून मला सगळं कळलं. म्हातारा डोळ्यांसमोर उभा राहिला. आणि मी तुकडे मोजले, ते अकरा होते.

अकरा दुणे बावीस. मी सुखदेवकडे पाहिलं. तो बटणाकडे बघत होता आणि डावा गाल पुढे करून तयार होता. माझं पेन अकराही ठिकाणी जाईना. तीन ठिकाणी खूण केली आणि कागद पालथा घातला.

“तीन, सर.”

“तीन?” टोंगे सरांनी हात पुढे केला. “सुधरला म्हनायचा. दाखव बरं.”

“सर, मी पाहिलंय, सर.”

“दाखव म्हनलं ना बे.”

ते कागद घेऊन खिडकीत गेले. ओठ हलवत, ओळीखाली बोट सरकवत वाचायला लागले. एकेका ठिकाणी बोट थांबायचं. ‘कारण’ला थांबलं. ‘जेव्हा’ला थांबलं. मी शिकवलं होतं तसंच ते प्रत्येक ओळीला विचारत होते आणि प्रत्येक उत्तर बरोबर काढत होते.

“दहा,” ते म्हणाले. एक त्यांच्या नजरेतून सुटला होता. “दहा हायेत, ग्रामर. तूनं तीन सांगतले.”

मी पेनाला टोपण लावलं.

“मले अडाणी समजतं? तूच शिकवलं ना मले? आजपर्यंत किती खोटं सांगतलं असशीन तूनं?”

“आजच, सर. आईशप्पथ, सर.”

“ऊठ.” त्यांनी मला खाटेवरून उठवून सुखदेवसमोर उभं केलं. “दहा दुणे वीस. तूच मार. आन् हळू मारली तं पुन्हा एकपासून.”

मी उजवा हात उचलला आणि सुखदेवच्या डाव्या गालावर मारली. दुसरी मारली. माझा उजवा हात असाही ढिला. दोन्ही चपराकी थापटल्यासारख्या झाल्या.

“हे काय लाड करून राह्यला?” टोंगे सर म्हणाले. “पेन कोनत्या हातात धरतं तू?”

“डाव्या, सर.”

“मंग त्याच हातानं. एकपासून.”

सुखदेवनं त्या दिवशी पहिल्यांदाच बटणावरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. माझा डावा हात त्याच्या उजव्या कानावर बसणार होता. ते त्याला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. मी बोलायला तोंड उघडलं. त्यानं मान हलवली, अगदी जराशी. सांगू नको. कानाचं उघडं पडलं तर मेडिकल पुन्हा होईल, डिप्लोमा जाईल. त्यानं नको म्हटलं म्हणून मी बोललो नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यानं मान हलवण्याआधीही माझ्याकडे बोलायला बराच वेळ होता.

पहिली मी मारली तेव्हा तो हलला नाही. दुसरीला त्याचे डोळे मिटले. तिसरी बसल्यावर तो भिंतीला धरून उभा राहिला आणि “मोऱ्या,” म्हणाला. मी म्हटलं, “सरळ उभा राहा.” चौथी. पाचवी. त्याच्या ओठातून रक्त आलं आणि माझ्या बोटांना लागलं. सहावी नीट लागली नाही म्हणून मी जागा बघून सातवी मारली. त्या चपराकीचा आवाज वेगळा होता. आठवी मारली तेव्हा तो खाली बसत होता, म्हणून ती अर्धी कानावर आणि अर्धी मानेवर बसली.

तेव्हा टोंगे सरांनी माझं मनगट धरलं होतं. दोन्ही हातांनी.

सुखदेव जमिनीवर बसून डोकं हलवत होता, पोहून आल्यावर कानातलं पाणी काढतात तसं. उजव्या कानातून रक्ताची बारीक ओळ मानेवर आली. तो काहीतरी बोलला. मग तेच पुन्हा, जास्त मोठ्यानं. मग ओरडून.

“मोऱ्या, मी बोलून राह्यलो काय? मी बोलून राह्यलो काय?”

टोंगे सरांनी त्याला उचलून पाठीवर घेतलं आणि जिन्यावरून धावत सुटले. रस्त्यावर जाऊन कोळशाच्या एका ट्रकसमोर आडवे उभे राहिले आणि ट्रक थांबवला. मी मागून चपला हातात घेऊन धावत होतो. कुणाच्या चपला होत्या ते मला आठवत नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, “हा कान फुटलाय. दुसरा कधीपासून बंद आहे?” मी म्हणालो, “लहानपणापासून.” टोंगे सर माझ्याकडे वळले.

“तुले मालूम होतं?”

मी मान डोलावून हो म्हटलं. ते दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पडदा कदाचित भरून येईल, पण आतल्या नसेला मार बसलाय. ऐकू येईल याची आशा ठेवू नका.

सुखदेवचे वडील मंगळवारी आले. बुटका, रुंद माणूस, पापण्यांच्या कडेला कोळशाची काळी रेघ. हातात डबा. मी स्वतःची ओळख करून दिली तर म्हणाले, “जरा मोठ्यानं बोल बाप्पा, आयकू कमी येते.” मी मोठ्यानं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

“तूच तो मोरेश्वर? पत्रात लिवते ना तो. गच्चीवर बसून शिकवते म्हने तू त्याले.”

दोन रात्री ते दवाखान्यात लेकाच्या खाटेखाली झोपले. लेकाशी काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. हा बोललेलं त्यांना नीट कळत नव्हतं आणि ते बोललेलं याला ऐकू येत नव्हतं. मधे मी बसायचो आणि वहीवर लिहून दाखवायचो. एका दुपारी म्हाताऱ्यानं मला विचारलं, “खाणीत घेतीन ना त्याले? थोडं तं आयकू येईन ना?” मी म्हणालो, “येईल, काका.”

गुरुवारी वेलकम झालाच नाही. प्राचार्यांनी आम्हां सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. टोंगे सर, चार ज्युनिअर, मी, सुखदेव आणि त्याचे वडील. सुखदेवच्या डोक्याला पट्टी होती. प्राचार्यांनी त्याला दोनदा प्रश्न विचारला, मग लक्षात आल्यावर माझ्याकडे पाहिलं.

“तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही लिहून विचारा. त्याला कोणी मारलं?”

मी वही घेतली. माझ्या हातानं लिहिलं, ‘तुला कोणी मारलं?’ आणि ते पान त्याच्यासमोर धरलं. बाकीचे चौघे फरशीकडे बघत होते. त्यांच्यापैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी माझा डिप्लोमा त्या खोलीतच संपला असता.

सुखदेवनं वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा आवाज सगळ्या खोलीत घुमला, कारण आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळत नव्हतं.

“टोंगे सरनं.”

प्राचार्य वळले. “टोंगे, काय म्हणणं आहे तुमचं?”

आता हा बोलेल, मी मनात म्हणालो. आता संपलं.

“हो, सर,” टोंगे सर म्हणाले. “मीच.”

त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. त्यांचा पेपर तीन आठवड्यांवर आला होता आणि या वेळी ते नक्की सुटले असते, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खांद्यावर वळकटी घेऊन उतरताना ते मला जिन्यात भेटले. मला वाटलं मारतील. मी भिंतीला लागून उभा राहिलो, अगदी रांगेतला ज्युनिअर उभा राहतो तसा, आणि नजर आपोआप तिसऱ्या बटणावर गेली.

“वर पाय,” ते म्हणाले.

मी नजर वर केली. त्यांचे डोळे लाल होते.

“मी बस म्हनलो होतो, ग्रामर. पाचवीलेच म्हनलो. दोनदा म्हनलो.”

ते जिना उतरून गेले.

हो, म्हणाले होते. सहावीच्या आधी म्हणाले आणि सातवीच्या आधी म्हणाले. मला दोन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं होतं. पहिल्या पाच मी भीतीनं मारल्या. पुढच्या तीन माझ्या स्वतःच्या होत्या. सहा आठवडे गच्चीवर घसा कोरडा केला तरी याला चार गोष्टी कळत नाहीत, याच्यापायी मी खोटा ठरलो, खाटेवरून उठलो, याच्यापायी माझं पेन गेलं. या रागानं मी मारलं, आणि मारताना बरं वाटलं. हे मी त्यानंतर कुणाला सांगितलेलं नाही. मी डिप्लोमा पूर्ण केला, खाणीत लागलो, तीस वर्षं माणसांच्या पुढे चालून छत ठोकलं. माझे कान अजूनही शाबूत आहेत.

त्याच संध्याकाळी मी सुखदेवला आणि त्याच्या वडिलांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. ट्रंक माझ्या डोक्यावर होती. गाडी लागलेली, इंजिन चालू. म्हातारा ट्रंक टपावर चढवायला हमालाशी बोलत होता. सुखदेवनं मला बाजूला ओढलं आणि माझ्या कानाजवळ तोंड आणलं. त्याला वाटत होतं की तो कुजबुजतोय.

“माह्या बापाले सांगशीन नको तू मारलं म्हनून!”

स्टँडवर चहावाल्यानं मान वळवली. कंडक्टर दारातच थांबला. बाकावरच्या दोन बाया आमच्याकडे बघायला लागल्या.

“त्याले वाटते तू माहा दोस्त आहे! गावात सगळ्यायले सांगते तो! त्याले तेवढंच राहू दे!”

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो चमकून इकडेतिकडे बघायला लागला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. मी त्याला खिडकीजवळच्या सीटवर नेऊन बसवलं. खाली उतरलो तर म्हातारा समोर उभा. इंजिनाच्या आवाजात लेक ओरडला एवढं त्याला कळलं होतं, काय ओरडला ते नाही.

“काय म्हनला बाप्पा पोरगा?”

कंडक्टर ऐकत होता. चहावाला ऐकत होता. सांगायला मला दोन शब्द पुरले असते, आणि म्हाताऱ्यासाठी ते मोठ्यानं बोलावे लागले असते, एवढंच.

“घरी पोचल्यावर पत्र लिहीन म्हणतो, काका!” मी ओरडून सांगितलं.

“लिवन, लिवन,” म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरले. “लय केलं बाप्पा तूनं त्याच्यासाठी. देव तुहं भलं करन.”

त्यानं आशीर्वाद द्यायला हात वर केला. तो बुटका होता, हात माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता. मी वाकलो.